अर्धी शिशी

शकूआत्याला अर्धशिशी आहे, असं लहानपणी कानावर आलं
तेव्हा मी तिच्या फडताळात शोधली होती
अर्धी भरलेली शिशी.
एरंडेल सापडलं, कापसाचे बोळे,
आणि आत्याने पाठीत घातलेला धपाटा.
आता ती माझ्याकडे आहे. शोधावी लागत नाही.

लक्ष्मी रोडला चष्म्याचं दुकान.
तीन भिंतींना आरसे, छताला अठरा ट्यूब,
आणि दिवसभर मी लोकांना विचारते:
हे स्पष्ट की ते? आधीचं की आत्ताचं?
परवा एका गृहस्थांचं जवळचं तपासताना
त्यांच्या कपाळावर डावीकडून
नागमोडी काहीतरी लखलखलं, जरीच्या काठासारखं.
म्हणजे वीस मिनिटं. फार तर पंचवीस.
मी नंबर लिहून घेतला, फ्रेम दाखवल्या,
"ही तुम्हाला शोभते" म्हटलं
ज्या चेहऱ्याचा अर्धा भाग मला दिसतच नव्हता.

नस्य केलं. तीन आठवडे तूप घशात उतरत राहिलं.
एरंडवण्यात साबुदाण्याएवढ्या गोळ्या मिळाल्या;
कॉफी बंद, कच्चा कांदा बंद.
धायरीच्या मावशी म्हणाल्या, सूर्योदयाआधी
दूध-जिलेबी, कुणाशी न बोलता.
आदल्या रात्रीची जिलेबी पहाटे चामट होते.
अकरा दिवस चावली. न बोलता.
मग ते बोगद्यासारखं यंत्र, आणि रिपोर्ट: नॉर्मल.
दिराने पेढे आणले.
मी एकटीच जराशी हिरमुसले,
हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डोक्याचे डॉक्टर म्हणाले, डायरी ठेवा. शून्य ते दहा.
मी लिहिलं:
आज कुकर, शिट्टीच न होणारा.
आज नदीपात्रातला सराव, चाळीस ढोल,
त्यातल्या एकाच्या हातात लय नाही.
आज नुसता रुपया, भुवईवर ठेवलेला, थंड.
ते म्हणाले, अहो, आकडे लिहा.
चौथी गोळी बदलली. पाचवीने बोटांना मुंग्या आल्या
आणि शब्द गळायला लागले.
चष्म्याच्या काडीला काडी म्हणतात
हे ऐन गिऱ्हाइकासमोर आठवेना.
"तो कानावरचा पाय," मी म्हटलं.
बाई मनापासून हसल्या. मीही.

मागच्या खोलीत मेहरुन्निसा काचा घासते.
एका दुपारी ती स्टुलावर चढली
आणि माझ्या काउंटरवरच्या ट्यूबचा स्टार्टर काढून
ओढणीच्या टोकाला बांधला.
मालक म्हणाले, ट्यूब गेली वाटतं.
गेली, म्हणाली ती.
विषय तिथेच संपला. त्याला चार महिने झाले.
दुखणं होतं तेवढंच आहे. ट्यूब मात्र सतरा.

घरी पडद्यावर चादर, चादरीवर शाल.
ईरा आठ वर्षांची आहे.
स्टीलचं कपाट दोन बोटांनी लावते,
कपबशी फडक्यावर ठेवते,
चहा गाळताना श्वास धरते.
येणारे-जाणारे म्हणतात, किती गुणी पोर!
मी अंधारात पडून तो न झालेला आवाज ऐकते
आणि तो उजव्या बाजूला दुखतो,
जिथे मला काहीच नाही.

काल संध्याकाळी डोकं कुठे आहे तेच कळेना.
कानशील चाचपलं, हळूच,
झोपलेल्या बाळाच्या अंगावरचं पांघरूण बघावं तसं.
डायरी उघडली. शून्य लिहायचा धीर झाला नाही,
पान तसंच मिटलं.
स्वयंपाकघरात गेले आणि पितळी परात
फरशीवर सोडून दिली.
ती भिंगरत राहिली, कितीतरी वेळ, ओट्याखाली जाईपर्यंत.
ईरा दारात. हात कानांवर, माझ्यासाठी.
राहू दे गं, मी म्हटलं.
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग तिने चमचाळं उचललं,
बराच वेळ तसंच धरून ठेवलं.